शक्यता नाकारता येत नाही

दिवाळी अंकात व्याकरणावर लेख म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. माझा वाद तसा व्याकरणाशी नाही. तो एका सवयीशी आहे. जे घडेल की नाही हे ठाऊक नसते, ते घडणारच किंवा घडणारच नाही अशा थाटात लिहून मोकळे होण्याची ही सवय. ती आपण शाळेत, इंग्रजीच्या तासाला, मुलांना लावतो. आणि मोठेपणी तीच मुले कचेरीत बसून सूचना, अहवाल आणि परिपत्रके लिहितात, तेव्हा तिचे फळ सर्वांना भोगावे लागते, असे माझे म्हणणे आहे.

मी मॅट्रिक झालेला माणूस. पोटासाठी शाळेत शिकवतो आणि हौसेने कादंबऱ्या लिहितो. इंग्रजीचा पंडित असल्याचा माझा दावा नाही. पण ‘होतो’, ‘होईल’, ‘होऊ शकतो’ आणि ‘होण्याचा संभव आहे’ यांतला फरक कळायला कोयनानगरात पंडित असावे लागत नाही. इथली जमीनच तो शिकवते.

वाचकहो, ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोयनेचे धरण बांधून त्यात १९६१-६२ च्या सुमारास पाणी साठू लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांत धरणाच्या परिसरात जमिनीखालून गडगडाट ऐकू येऊ लागले, लहान धक्के बसू लागले. ते मोजण्यासाठी यंत्रे बसवण्यात आली. १९६७ च्या १३ सप्टेंबरला एक मोठा धक्का बसला. आणि त्याच साली ११ डिसेंबरला, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, जो भूकंप झाला त्याने कोयनानगर जमीनदोस्त केले. त्याची तीव्रता काही नोंदींप्रमाणे ६.३, तर काहींप्रमाणे ६.५ होती. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले.

त्याआधी आमच्या भागाबद्दल काय लिहिले जाई? दख्खनचे पठार हा पृथ्वीचा एक प्राचीन, अचल तुकडा आहे; इथे भूकंप होत नाहीत. १९६२ साली देशाचा भूकंप-नकाशा झाला, त्यात हा भाग अगदी खालच्या पट्ट्यात होता. धरणाच्या आखणीत भूकंपाच्या धक्क्यासाठी गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ इतका हिशेब धरला होता. ११ डिसेंबरला धरणातल्या यंत्रावर नोंद झाली ती ०.६३ ची. बारा पटींहून अधिक! नकाशा १९७० साली बदलला आणि कोयना चौथ्या पट्ट्यात गेली.

त्या वेळच्या शास्त्रज्ञांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्याजवळ जेवढे ज्ञान होते तेवढ्यावर ते बोलले. माझे बोट आहे ते एका वाक्यावर. ‘इथे मोठ्या भूकंपाची नोंद नाही’ हे वाक्य खरे होते. ‘इथे मोठा भूकंप होत नाही’ हे वाक्य खोटे ठरले. पहिल्यावरून दुसऱ्यावर आपण कधी उतरलो ते आपल्यालाच कळले नाही, कारण लिहिताना दोन्ही वाक्ये सारखीच गुळगुळीत दिसतात. नोंद नसणे आणि संभव नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. किल्लारीला हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून झोपलेली गावे पहाटे गाडली गेली. आठ-दहा हजार माणसे मेली. तो भाग तेव्हा नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशातून तो पहिला पट्टाच काढून टाकला. एक पट्टा पुसला जायला किती माणसे लागली, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता शाळेत या. इंग्रजीच्या तासाला फळ्यावर काय असते? ‘मे’ म्हणजे कदाचित, ‘कॅन’ म्हणजे शकणे, ‘विल’ म्हणजे -ईल. एका शब्दाला एक शब्द, बाजारात भाजीच्या जुड्या बांधतात तसे. मुलाने जुड्या पाठ करायच्या आणि रिकाम्या जागा भरायच्या. या पद्धतीने मुलगा पास होतो, हे मान्य. पण पुढे तो काय लिहितो ते पाहा.

‘भूकंप होऊ शकत नाही’ या वाक्याचे इंग्रजी करायला सांगा. ‘शकणे’ला ‘मे’ही चालते असे कुठेतरी ऐकलेला मुलगा लिहितो, ‘ॲन अर्थक्वेक मे नॉट अकर.’ दुसरा लिहितो, ‘ॲन अर्थक्वेक कॅनॉट अकर.’ दोघांनाही पूर्ण गुण मिळालेले माझ्या पाहण्यात आहेत. आणि या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे! ‘मे नॉट’ म्हणजे कदाचित होणार नाही, पण होईलही. ‘कॅनॉट’ म्हणजे होणे अशक्य. पहिले वाक्य ऐकणारा माणूस रात्री दाराची कडी सैल ठेवील. दुसरे ऐकणारा डाराडूर झोपेल. तपासणाऱ्याला हा फरक अर्ध्या गुणाचाही वाटत नाही.

‘लाइकली’ या शब्दाची तर कथाच निराळी. तो ‘लाइक’चा भाऊ समजून ‘रेन इज लाइकली’ म्हणजे ‘पाऊस आवडतो’ असा अर्थ करणारी मुले दर साली भेटतात. वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावातल्या मुलाने हा अर्थ करावा, यात विनोद आहेच. पण त्या मुलाला कोणी सांगितलेलेच नसते की इंग्रजीत संभवाची एक उतरंड आहे. ‘मस्ट’ म्हणजे असलेच पाहिजे असा तर्क. ‘शुड’ म्हणजे अपेक्षेप्रमाणे असावे. ‘इज लाइकली टु’ म्हणजे बहुधा. ‘मे’ म्हणजे होईल किंवा न होईल. ‘माइट’ म्हणजे त्याहून थोडे दूरचे. ‘कॅन’ हा तर या उतरंडीतला नव्हेच. तो वस्तूच्या अंगची शक्यता सांगतो. ‘डोंगर पावसात खचू शकतो’ याला ‘कॅन’. ‘हा डोंगर उद्या खचेल की काय’ याला ‘मे’ किंवा ‘माइट’. ‘इट कॅन रेन टुमारो’ असे लिहिणारा मुलगा पावसाची ताकद सांगतो, उद्याचा अंदाज सांगत नाही.

प्रवृत्ती सांगण्यातही हाच गोंधळ. आपण मराठीत ‘नेहमी’ हा शब्द सैल वापरतो. ‘तो नेहमी उशिरा येतो’ म्हणजे बरेचदा येतो. सगळ्यांना ते समजते. मुलगा त्याचे ‘ऑलवेज’ करतो आणि ते एकदाही चुकत नाही असा अर्थ होतो. ‘मी रोज नदीवर जात असतो’ याला तो ‘आय यूज टु गो’ लिहितो. इंग्रजीत ‘यूज्ड टु’ हे गेलेल्या सवयीचे आहे. वाचणाऱ्याला वाटते, बिचाऱ्याने नदी सोडली! ‘टेंड्स टु’, म्हणजे कल असणे, हा तर आमच्या पुस्तकी जुड्यांत सापडतच नाही. ‘लायेबल टु’ आणि ‘प्रोन टु’ हे सहसा नको असलेल्या गोष्टीसाठी, हे सांगायला वेळ कोणाला आहे? बक्षीस मिळायला कोणी ‘लायेबल’ नसतो. दरडीखाली सापडायला असतो.

इथे काही मंडळी आस्तीन सरसावून पुढे येतील. म्हणतील, ‘मास्तर, हा इंग्रजीचा काटेकोरपणा आहे, आपल्या मराठीत एवढ्या छटा कुठल्या?’ हे मराठीच्या अभिमान्यांकडून ऐकावे लागते, याचे मला फार वाईट वाटते. अहो, पाऊस ‘पडतो’ ही रीत झाली. ‘पडायचा’ ही गेलेली रीत. ‘पडेल’ हा अंदाज. ‘पडावा’ ही अपेक्षा. ‘पडेलसे दिसते’ हा डोळ्यांनी पाहून केलेला तर्क. ‘पडला तर पडला’ ही बेपर्वाई. आणि आभाळ भरून ‘पडण्याच्या बेतात’ असते ती शेवटची घटका. आमच्याकडची निरक्षर म्हातारी हे सारे प्रकार एका सकाळी, अंगणात वाळवण घालताना, न चुकता वापरते. अंथरूण पाहून पाय पसरावे तसे ती माहिती पाहून क्रियापद पसरते. ही श्रीमंती घरात असताना तिचे बोट धरून मुलाला इंग्रजीच्या उतरंडीवर नेण्याऐवजी आपण ‘मे म्हणजे कदाचित’ एवढेच त्याच्या हाती देतो. यात दोष मराठीचा नाही आणि इंग्रजीचाही नाही. दोष आमचा, शिकवणाऱ्यांचा.

आणखी एक चमत्कार पाहा. दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. नाणे उडवा, फासा टाका, पत्ता काढा. तोच मुलगा गणिताच्या तासाला संभव अपूर्णांकात मोजतो आणि पुढच्या तासाला इंग्रजीत तो शब्दांत सांगता येत नाही म्हणून विक्रमासारखा गप्प बसतो. दोन्ही तासांच्या मध्ये फक्त एक घंटा असते; पण ती भिंतीसारखी उभी आहे.

शब्द आणि आकडा यांची गाठ घालणे हे किती कठीण आणि किती आवश्यक, याची एक गोष्ट सांगतो. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्याने एक अंदाज लिहिला, की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ मानावी. खात्यातले शेर्मन केंट यांना एकाने विचारले, म्हणजे किती? केंट म्हणाले, शंभरात पासष्ट. विचारणारा दचकला, त्याला वाटले होते की याहून पुष्कळच कमी. मग केंट यांनी तो मसुदा करणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना विचारले. कोणी शंभरात वीस म्हणाले, कोणी ऐंशी! सर्वांनी एका शब्दाखाली सही केली होती आणि प्रत्येकाच्या मनात निराळा आकडा होता. केंट यांनी पुढे १९६४ साली यावर एक निबंधच लिहिला आणि प्रत्येक शब्दाला आकड्यांचा पट्टा बांधून द्यावा असे सुचवले.

आज हा पट्टा बांधला गेला आहे, पण गंमत अशी की प्रत्येकाने आपापला बांधला आहे. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे शंभरात सहासष्टच्या वर. आपल्या भारतीय हवामान खात्याच्या पत्रकांत ‘लाइकली’ म्हणजे पंचवीस ते पन्नास; पन्नास ते पंच्याहत्तर ‘व्हेरी लाइकली’ आणि त्यावर ‘मोस्ट लाइकली’. दोन्ही कागदांवर तळाला हे छापलेले असते, म्हणून त्यांना मी दोष देत नाही. उलट छापतात म्हणून नमस्कार करतो. तसेच ‘तुरळक ठिकाणी’ पाऊस म्हणजे पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर, असा त्यांचा नेमका हिशेब आहे. आपण मात्र ‘तुरळक’ म्हणजे चार थेंब असे समजतो आणि घाटात गाडी घालतो. वास्तविक तुरळक हे ठिकाणांचे विशेषण आहे, थेंबांचे नव्हे. ‘तुरळक ठिकाणी अतिवृष्टी’ हे वाक्य म्हणूनच विसंगत नाही. २०२१ च्या जुलैत आमच्या पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे दरडींनी घरे गिळली. त्या दिवसापासून ‘दरडप्रवण’ हा शब्द इथल्या कोणालाही जड वाटत नाही. ‘प्रवण’ म्हणजे कललेला. डोंगर कोणत्या दिवशी पडेल हे तो शब्द सांगत नाही. कोणत्या बाजूला कललेला आहे एवढे सांगतो. तेवढे खरे सांगणे पुष्कळ झाले.

खरे सांगण्याचा उत्तम नमुना मला आमच्याच भूकंपाच्या अभ्यासात सापडला. कोयनेला पाच किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त धक्के १९६७ पासून बसले आहेत. पावसाळ्यात जलाशय भरल्यावर धक्के वाढण्याकडे कल दिसतो. डॉ. हर्ष गुप्ता यांनी १९८३ साली दाखवले की, जलाशयाची पातळी आठवड्याला १२ मीटर किंवा त्याहून वेगाने चढणे ही अशा पाचच्या वरच्या धक्क्यासाठी आवश्यक अट दिसते. पण ती पुरेशी अट नाही. म्हणजे असे धक्के बसले तेव्हा पाणी वेगाने चढले होते. पण पाणी वेगाने चढले म्हणून धक्का बसेलच असे नाही. किती स्वच्छ वाक्य! न भिववणारे, न निजवणारे. तसेच ‘धरणामुळे भूकंप होतो’ असे आपण चहाच्या टपरीवर म्हणतो; शास्त्रज्ञही आधी ‘प्रेरित’ भूकंप म्हणत. नंतर त्यांनी शब्द बदलला आणि ‘चालना मिळालेला’ भूकंप म्हणू लागले, कारण जमिनीत ताण आधीपासून असतो, पाणी केवळ खटका ओढते. गोठणे गावी तीन किलोमीटर खोल विंधन झाले, कराडला त्यासाठी प्रयोगशाळा आहे. एवढे करूनही कोणी तारीख सांगत नाही. जो जितका खोल गेला तो तितका जपून क्रियापद वापरतो.

आता मुख्य आक्षेप घेतो. अधिकारी मंडळी म्हणतात, ‘लोकांना शक्यता-बिक्यता समजत नाही. त्यांना घाबरवू नये. ठाम शब्दांत धीर द्यावा.’ या धीराची किंमत इटलीतल्या लाक्विला शहराने मोजली आहे. तिथे कित्येक महिने लहान धक्के बसत होते. लोक भ्याले होते. २००९ च्या मार्चअखेर तज्ज्ञांची बैठक झाली. एका अधिकाऱ्याने लोकांना दिलासा दिला, की हे लहान धक्के बरेच, ऊर्जा बाहेर पडते आहे. ६ एप्रिलला मोठा भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. २०१२ साली न्यायालयाने सहा तज्ज्ञांना आणि त्या अधिकाऱ्याला प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा दिली. २०१४ साली वरच्या न्यायालयाने तज्ज्ञांना निर्दोष सोडले. अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आणली, पण त्याला सोडले नाही. भूकंप आधी सांगता आला नाही म्हणून कोणाला तुरुंगात घालणे मला पटत नाही. पण नसलेला दिलासा देण्याचा गुन्हा मला समजतो. आणि हाच दिलासा आमच्या भागातही घरोघरी ऐकू येतो: ‘बारीक धक्के बसतात ते बरे, जोर निघून जातो.’ हिशेब करून पाहा. तीव्रतेचा एक आकडा वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. म्हणजे सहाच्या एका भूकंपाइतका जोर निघून जायला चारचे सुमारे हजार धक्के लागतील!

याच्या उलट टोकाला आणखी एक जात आहे. ती कधीच ठाम बोलत नाही. तिचे आवडते वाक्य या लेखाच्या माथ्यावर दिले आहे: ‘शक्यता नाकारता येत नाही.’ दरड कोसळण्याची शक्यता नाकारता येत नाही. पुराची शक्यता नाकारता येत नाही. कोणतीच शक्यता कधीच नाकारता येत नाही! हे वाक्य लिहिणाऱ्याला कोणतीही चौकशी चिकटत नाही. काही झाले तर ‘आम्ही सांगितले होते’. नाही झाले तर ‘आम्ही होईल असे कुठे म्हटले होते?’ वाचणाऱ्याच्या हाती मात्र काही पडत नाही. गुरे सोडायची की नाही, म्हाताऱ्या आईला वरच्या आळीत न्यायचे की नाही, हे त्याला यातून ठरवता येत नाही. ठाम खोटे बोलणारा माणूस आपल्याला फसवतो. हा दुसरा आपल्याला वाऱ्यावर सोडतो. दोघांनीही एकच काम टाळलेले असते: आपल्याला किती ठाऊक आहे तेवढे मोजून सांगण्याचे.

‘शाळेत एवढे शिकवायला वेळ कुठला?’ असे माझे व्यवसायबंधू विचारतील. मी म्हणतो, नवे काही शिकवू नका. आहे तेच सरळ शिकवा. मुलाला वाक्य लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारायला लावा. मी सांगतो आहे ती रीत आहे की एका वेळचा अंदाज? अंदाज असेल तर शंभरात किती वेळा खरा ठरेल असे मला वाटते? आणि हे मला कशावरून कळले, पाहून, मोजून की ऐकून? या तीन प्रश्नांची उत्तरे मराठीत द्यावीत आणि मग इंग्रजी शब्द निवडावा. रीत असेल तर ‘टेंड्स टु’ किंवा साधा वर्तमानकाळ. अर्ध्याहून अधिक वाटत असेल तर ‘लाइकली’. काहीच सांगता येत नसेल तर ‘मे’. आणि खात्री नसेल तिथे ‘विल’ आणि ‘कॅनॉट’ यांना हात लावू नये. एका तासाचे काम आहे. तपासताना मात्र ‘मे नॉट’ला ‘कॅनॉट’ समजून गुण देणाऱ्या हाताला लगाम घालावा लागेल.

आमची मुले उद्या अभियंते होतील, तलाठी होतील, वार्ताहर होतील, धरणाच्या कचेरीत टेबलापुढे बसतील. त्यांच्यापैकी एखाद्याला कधीतरी एका रात्री घाईघाईने चार ओळींची सूचना लिहावी लागेल, आणि नदीकाठची दहा गावे ती वाचून निजायचे की उठायचे ते ठरवतील. त्या चार ओळींतले क्रियापद त्याने कोणत्या तासाला शिकलेले असेल, याची जबाबदारी त्या अधिकाऱ्यावर ढकलता येणार नाही. ती आमची आहे. आणि तिथे मात्र ‘कदाचित’ला जागा नाही.